मोरी नंबर सदतीस

चांदर सोडलं की रूळ किंचित डावीकडे झुकतात,
तिथे मोरी नंबर सदतीस.
चिऱ्यांची, मीटरगेजच्या काळातली,
माणूस वाकून पलीकडे जाईल एवढी.

वरच्या अंगाला मोरड.
तिथे कुळीथ व्हायचा, तोही जमिनीच्या मर्जीने.
खालच्या अंगाला पिएदादबायचं शेत, अर्धं.
उरलेलं भरावाच्या पोटात.
"आज्याला बारा रुपये मिळाले," ती सांगायची,
"आणि एका शेताला दोन नावं."

मग कालवा आला.
नकाशावर निळी रेघ, जमिनीवर सिमेंटची.
जानेवारीत पाणी!
गुरंही जिथे तोंड घालत नसत
त्या मोरडीवर वायंगण उभं राहिलं.
लोक बघायला आले. काही जण चपला काढून.

निळी रेघ रुळाशी येऊन थांबली.
पुढे जायला हुबळीची परवानगी हवी.
अर्ज गेला.
उत्तर आलं: अर्ज दोन प्रतींत पाठवावा.

माझा बाप गँगमन, कुष्टा वेळीप.
भरावात पाणी मुरू द्यायचं नाही
हे त्याचं काम, हाच त्याचा धर्म.
जेवतानाही सांगायचा,
गाडी कधी लोखंडाने पडत नाही रे,
पाण्याने पडते.

त्या फेब्रुवारीत पिएदादबायची रोपं
टोकाकडून पिवळी व्हायला लागली.
ती काही बोलली नाही.
फक्त बांधावर बसायची, रुळाकडे पाठ करून.

एका रात्री खनिजाची गाडी गेली.
बावन्न वाघिणी, बाबाने नेहमीसारख्या मोजल्या
आणि कंदील मालवला.
मला म्हणाला, त्या टोकाला धर.
पोफळीची पन्हळ, ताजी पोखरलेली,
अजून ओल्या भुशाचा वास येत होता.

सकाळी त्याच्या वहीत: मोरी ३७, ठीक.
खाली शेतात
बोटभर जाडीचं पाणी चाललं होतं,
खनिजाने तांबूस झालेलं.

आता मी कालव्यावर चावी फिरवतो.
परवानगी नंतर आली म्हणे, लोखंडी पाइपही आला.
पिएदादबाय गेली, मुलगा बोटीवर,
पाणी वेळेवर पोचतं
आणि गुडघाभर गवत ते पितं.
तरी सोमवारी, गुरुवारी मी सोडतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या रुळाची मोजणी झाली.
चिऱ्यांवर लाल रंगाच्या फुल्या.
तरुण साहेब मोरीत वाकला, बॅटरी मारली,
विचारलं, हे लाकूड कसलं?

म्हटलं, पोफळीचं.

त्याने तेवढंच लिहून घेतलं.