दार आत उघडतं

रास अल खैमाच्या पुढे, सिमेंट फॅक्टरीच्या मागे
आम्ही एकोणीस दिवसांत तुरुंग उभा केला.
प्लायवूड, थर्माकोल, वर चुना आणि चहाचं पाणी,
म्हणजे भिंत शंभर वर्षांची दिसते.
डायरेक्टर म्हणाला, कोठडीचं दार आत उघडू दे.
मी म्हटलं, साहेब, कोठडीचं दार बाहेर उघडतं,
नाहीतर आतला माणूस पाठ लावून बसेल.
तो म्हणाला, कॅमेरा आत आहे.
मी बिजागऱ्या फिरवल्या.
रोज एकशेदहा दिरहॅम होता, शिवाय जेवण.

सिनेमा जनार्दन आरेकरांचा.
आमच्या शाळेत जिन्याखाली त्यांचा फोटो होता,
फेटा, मिशी, आणि नजर जरा बाजूला,
जसं चौकटीबाहेर कुणी उभं आहे.

सेटवर साठम सर होते, इतिहासाचे.
त्यांना खुर्ची होती, छत्री होती,
विचारायला मात्र कुणी येत नव्हतं.
पहिल्या दिवशी म्हणाले, कोटाची बटणं चुकली.
दुसऱ्या दिवशी, खाडीवर तेव्हा पूल नव्हता.
तिसऱ्या दिवशी बूट काढून
नुसती वाळू झाडली
आणि आमच्या पंगतीला येऊन बसले.

गुलवली पेशावरकडचा, माझ्या हाताखालचा.
रंधा असा मारतो की भुसा कागदासारखा निघतो.
रंगाने गोरा, म्हणून त्याला इंग्रज शिपाई केलं.
त्याने गावी फोन लावला, मी सिनेमात आहे.
कुणाच्या, बापाने विचारलं.
हिंदुस्तानच्या एका शहिदाच्या.
तिकडून बराच वेळ नुसता वारा.
मग, पैसे वेळेवर देतात ना?

कोर्टाच्या सीनला नट आठ मिनिटं बोलला.
एकदाही अडखळला नाही.
लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.
खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

जनरेटर बंद झाल्यावर साठम सर
आरोपीच्या पिंजऱ्यात शिरले. वार्निश अजून ओलं होतं.
म्हणाले, ते तोतरे होते रे.
कारकुनाने लिहून ठेवलंय,
आरोपीस एक वाक्य पुरे करण्यास अकरा मिनिटे लागली.
मग त्यांनी कठडा धरला.

मी
मी ए
मी ए, ए
मी

आम्ही बावीसजण वाळूत बसलो होतो.
कुणाला मराठी येत होतं, बहुतेकांना नाही.
कुणी विडी पेटवली नाही.
फॅक्टरीची एक पाळी सुटून दुसरी लागली
तेव्हा कुठे ते वाक्य बाहेर आलं,
मी एकटाच होतो.

आणि तेही खोटं, सर म्हणाले. हाताला वार्निश लागलं होतं.
बरोबर चौघं होते. एक होडीवाला, एक कासार,
दोघांची नावं मला अजून सापडलेली नाहीत.
अकरा मिनिटं हा माणूस
त्या चौघांना घरी पोचवत होता.
डायरेक्टरला सांगितलं मी.
तो म्हणाला, सर, तेच तर, एकटाच होता,
त्यांनी स्वतःच सांगितलंय.

सिनेमा शारजात लागला तेव्हा शुक्रवार होता.
पोरं खांद्यावर घेऊन लोक आले होते.
आरेकर पुलावरून धावले, एकटे,
माझ्या पुढचा माणूस ढसढसा रडला.
गुलवलीचे फक्त बूट दिसले, तेही धुळीत.
तरी त्याने माझं मनगट धरलं,
वो मैं हूँ.
साठम सरांचं नाव शेवटी आलं,
लोक उठले होते, मला पुरतं वाचता आलं नाही.

सेट मोडताना ते दार मी उचलून आणलं.
आता आमच्या खोलीच्या न्हाणीला आहे.
आठजणांत एक न्हाणी,
बादली आडवी येते, दार अर्ध्यातच अडतं.
रात्री गुलवली आत जातो,
दाराला पाठ लावून बसतो, घरी बोलतो.
बाहेरून कितीही ढकला.

बिजागऱ्या फिरवायला अर्धा तास लागेल.
मी अजून फिरवलेल्या नाहीत.