गुळाचा खुलासा

लेखापरीक्षण, आक्षेप क्रमांक चौदा:
‘बांधकाम शीर्षाखाली गूळ पासष्ट किलो, हिरडा बावीस किलो.
सदर गूळ कोणी खाल्ला, याचा खुलासा व्हावा.’

खुलासा करते.
मी हेमांगी बांदिवडेकर, लिपिक, नगरपंचायत.
टेबल खिडकीजवळ. तिथून खाडी दिसते,
ओहोटीला नुसताच वास येतो.

गूळ भिंतीने खाल्ला, साहेब.

बंदरावरच्या जुन्या कस्टमच्या इमारतीच्या
पूर्वेकडच्या भिंतीने.
आता तिथे कस्टम नाही, गलबतं नाहीत,
वजनकाट्याचा एक हूक तेवढा आढ्याला आहे.
अंदाजपत्रकात सिमेंट होतं, हे कबूल.
दरसूचीत चुन्याला दरच नाही,
पाध्ये अभियंत्यांनी तरी काय लिहायचं?
पण लाडू मेस्त्री आला, ऐंशीच्या पुढचा,
पोराचा ताप बघावा तसा
भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला.
मग म्हणाला, ‘चिरो सास घेता.
सिमिट मारलास तर भुतूरच्या भुतूर कुजतलो.’

म्हणून शिंपल्यांचा चुना. मुकादमांच्या भट्टीतला,
खाडीपलीकडून होडीने आलेला
(होडीभाडं, व्हाउचर एकवीस).
नऊ दिवस भिजला,
गुळाच्या, हिरड्याच्या पाण्यात मळला गेला.
मुंग्या आल्या.
मुंग्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचाराल
तर ठराव अडतीस पाहावा.
त्या सभेपुढे अर्ज तीन होते, पैसे एकापुरते.
दशावतारी मंडळाला पेटाऱ्यांसाठी कोरडी जागा हवी होती,
गेल्या पावसात संकासुराच्या झग्याला बुरशी धरली होती.
मुलींच्या कबड्डी संघाला छप्पर.
आणि फिलोमिना फर्नांडिस, निवृत्त शिक्षिका,
यांचं एक पोस्टकार्ड: ‘ती इमारत पडू देऊ नये.’
बस. खाली सही.

दोन तास आवाज चालला.
तांडेलांनी संस्कृतीचं नाव घेऊन टेबल बडवलं,
समोरून खेळाचं नाव घेऊन बडवलं गेलं,
पोस्टकार्ड माझ्या फायलीतच राहिलं.
तेव्हा मागे दाराशी उभी असलेली,
गुडघ्याला पट्टी बांधलेली वैभवी म्हापसेकर बोलली,
‘आम्ही तिथेच खेळतो ना. कस्टमात.
पाऊस लागला की तुमचे पेटारे आम्हीच सरकवतो.
चढाईला जाते ती रावणाच्या पेटाऱ्याला
हात लावून परत येते.’

सभागृहात कोणीतरी खाकरलं.
एकच छप्पर मागत होते तिघंही,
तीन वेगवेगळ्या कागदांवर.
मी लिहिलं: सर्वानुमते मंजूर.
(दोन सदस्य तेव्हा चहाला गेले होते.
आक्षेप घ्यायचा तर खरं म्हणजे इथे घ्यावा.)

आता हिशेब.
भिंतीत साडेत्रेसष्ट किलो.
उरलेला दीड किलो गूळ
सराव संपल्यावर मुलींनी पाण्याबरोबर खाल्ला,
मी वाटला, स्वतःच्या हाताने.
त्याची वसुली माझ्या पगारातून व्हावी.

पश्चिमेची भिंत अजून तशीच आहे.
तिच्यावर ताडपत्री आहे, तिची तरतूद नाही.
वारा सुटला की ती रात्रभर फडफडते
आणि तालमीतला हार्मोनियमवाला
सूर एक पट्टी वर चढवतो.
पाहणीस यावं. संध्याकाळी यावं,
पूर्वेच्या भिंतीला पाठ टेकून बसावं.
ओल येत नाही.

आक्षेप क्रमांक पंधरा:
‘मजुरीच्या पावतीवर मेस्त्रीचा अंगठा दिसून येत नाही.’
साहेब, त्या दिवशी शाईचा पॅड सुकला होता
आणि त्याचे हात चुन्याचे होते.
आता नवा अंगठा मिळणार नाही, तो गणपतीनंतर गेला.
पण पावतीवर आहे. पांढऱ्यावर पांढरा.
कागद जरा तिरका धरावा,
खिडकीकडे.