अंगठ्याएवढी फट

कुंडईच्या सड्यावर, औषधांच्या कारखान्यात
भिंतीबाहेरचे डबे तपासणं हे माझं काम.
बत्तीस काळे डबे, प्रत्येकावर आकडा,
उंदरासाठी एक वाट, माझ्यासाठी एक किल्ली.
गुडघ्यावर बसायचं, झाकण उघडायचं,
लेंड्या मोजायच्या, तारीख, सही.
एकोणिसाव्यात नेहमी एक पाल.
पालीसाठी वहीत रकाना नाही.

अकरा वर्षांत इमारत
उंदराच्या बाजूने वाचता येऊ लागली.
पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं,
अंगठा जातो तिथून वटवाघूळ.
कबुतराला फट लागतच नाही.
पाइपाचं एखादं कोपर
आणि खाली कुणी मान वर करणार नाही
एवढी खात्री त्याला पुरते.

मार्चअखेरीस बार्रेटो मॅडम मला
गोदाम दोनच्या मागे घेऊन गेल्या.
पत्र्याच्या कडेला तेलकट काळा डाग,
देवळाच्या दारचौकटीला
हात लागून लागून पडतो तसा.
"बारा तारखेला परदेशी माणसं पाहणीला येतायत.
त्याआधी बुजवून टाक."

संध्याकाळी शिडी लावली, पत्र्याला कान टेकवला.
पत्रा अजून दुपारएवढा तापलेला.
आत सुयांचा डबा कुणी हलवावा
तसा आवाज.
पिल्लं. उडायला अवकाश होता.
आता फेस भरला तर आया बाहेर, ती आत,
आणि आठ दिवसांत वास
थेट गोळ्यांच्या खोलीपर्यंत.

मॅडमना मी वासाचं सांगितलं.
बाकीचं सांगायला जमलं नाही.
"किती दिवस?"
"जाळी बेळगावहून यायची आहे."
जाळी माझ्या स्कूटरच्या डिकीत होती,
पावत्या आणि अर्ध्या पोळीच्या डब्याखाली.

बारा तारखेला ते आले, निळ्या टोप्या घालून.
दाराखालच्या रबराला बोट लावून बघितलं,
वही उलटी-सुलटी वाचली,
एकोणिसावा डबा उघडायला लावला.
पाल सरळ त्यांच्या बुटावरून गेली.
मोठे साहेब हसले, मग सगळेच हसले,
आणि मान वर कुणी केली नाही.

एप्रिल सरता सरता आतला आवाज बदलला,
सुया गेल्या, पंख आले.
मी नळी बसवली: गुळगुळीत प्लास्टिक, तोंड खाली.
आतून सरपटत निघता येतं,
परत येताना नखं धरत नाहीत.

मोजायला बाबुसो गावडे बसला माझ्यासोबत,
फाटकावरचा, त्याची खुर्ची घेऊनच.
सड्याखालून हुर्राकाचा वास येत होता.
अंधार पडला तशी एकेक थेंब गळावं
तशी ती नळीतून गळू लागली.
तो बोटांच्या पेरांवर मोजत होता, मी खडूने.
त्याची त्रेचाळीस झाली, माझी एक्केचाळीस.
आम्ही त्याची धरली.

"हे गोदाम आहे ना," तो म्हणाला,
"तिथं बोंडू मळायचा आमचा दगड होता."
"मग?"
"मग काय. काडेपेटी आहे?"

पहाटे ती परतली.
फटीपाशी येऊन पत्र्याला शिवायची, घसरायची,
पुन्हा फेरी, पुन्हा शिवायची.
मी थांबायची गरज नव्हती. थांबलो.
उजाडताना आकाशात एकच उरलं होतं,
मग तेही नाही.

चौथ्या दिवशी नळी काढली,
तारेचा कापूस ठासला, वर करडा मसाला ओढला,
अंगठा लावून बघितला.
वहीत लिहिलं: शून्य.

काल फाटकातून शिरताना
बाबुसोची खुर्ची हातभर सरकलेली दिसली.
केबिनवर कंपनीच्या नावाची पत्र्याची पाटी,
तिच्या वरच्या कडेला
बोटभर नवा डाग, अजून फिका,
आणि खुर्ची होती तिथे
जिऱ्यासारखे काळे दाणे.

बाबुसोने माझ्याकडे पाहिलं,
मी माझ्या करारातली यादी आठवली:
गोदाम एक, गोदाम दोन, गोळ्यांची खोली, कॅन्टीन.
केबिन त्यात नाही.

"झाडू आहे का रे?" मी विचारलं.
"आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी मारतो."