मान खाली

छावणीच्या मैदानात तेव्हा गवत नव्हतंच.
भोकाभोवती जळकं तेल पाजलेली वाळू,
साहेब लोक तिला ब्राऊन म्हणायचे.
मुईन तिच्यावर शिकला, अनवाणी,
मूठ सुतळीनं बांधलेल्या एकाच काठीवर.
पिशवी माझ्या खांद्यावर.
पिशवी म्हणजे खताची गोणी.

खाम नदीत बुडालेले चेंडू
पायाच्या बोटांनी शोधायचो आम्ही,
तीन रुपयाला एक. वासाचे वेगळे नाहीत.

मग तो प्रोफेशनल झाला.
यादीत नाव छापून आलं, एक काना खाऊन.
बंगळूर, कोलकाता, चंदीगड, जनरल डब्यातून,
काठ्या वरच्या फळीवर झोपलेल्या,
आम्ही दारापाशी उभे.

तिथलं गवत, म्हणाला, लेका, साबण लावलेलं.
नुसतं बघितलं तरी चेंडू पळतो.
माझ्या मनगटात आपली वाळू बसलीय,
ती ढकल म्हणते.

एका फटक्यानं कट हुकला,
किती वेळा ते तो सांगत नाही.
मी मोजलंय. एकोणीस.
एकदा मात्र चौथा आला:
अम्मीचा मोतीबिंदू,
पडेगावच्या दोन खोल्यांवर स्लॅब.

आता कारखानदारांची पोरं शिकायला येतात.
मान खाली ठेव, तो सांगतो,
चेंडू कुठं गेला ते दुसरा कुणी बघेल.

काल सगळ्या गाड्या गेल्यावर
त्यानं पार्किंगची माती टाचेनं सपाट केली,
बाटलीचं झाकण ठेवलं,
बारा पावलं मागं गेला.

झाकण वाजलं.
तो अजून मान खाली घालून,
माझ्या सांगण्याची वाट बघत.