तीन सेंटीमीटर

नवा टीव्ही पुठ्ठ्याइतका पातळ,
त्याचं तोंड पाठीला.
बातम्या तो भिंतीला सांगतो
आणि भिंतीला कान आहेत, ते पलीकडच्या यादविगाचे.
जिन्यात भेटली की तीच मला सांगते
काल कुठला मंत्री काय बोलला.

म्हणून वायदोतासने तळघरातून वर आणले
रीगाचे जुने स्पीकर,
लाकडी, एकेक बटाट्याच्या पोत्याएवढा जड,
एकाच्या जाळीवर अजून मुलाच्या चेंडूचा खळगा.
नुसती फुफ्फुसं ती. श्वास भरायला कुणीतरी हवं.
अ‍ॅम्प्लिफायर हवा. छोटा.
टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल असा.

झालं, फेब्रुवारी त्यात गेला.
क्लायपेदाच्या गोदीत चाळीस वर्षं मापं घेतलेला माणूस
कप्प्यासमोर गुडघे टेकून बसला.
चार वेळा मोजलं, चारही वेळा लिहून ठेवलं:
रुंदी बावीस, उंची सात, मागे तारांना चार बोटं.
विजेच्या बिलाच्या पाठीवर यादी वाढत गेली,
किती वॅट, चार ओहमवर तापतो का,
कुणी बोलत नसताना गुणगुणतो का,
प्रकाशाच्या तारेला जागा आहे का.
आता आवाज म्हणे उजेड होऊन जातो
आणि पलीकडे पोचून पुन्हा आवाज होतो.
मी म्हटलं, बरं.
एकच रिमोट पुरेल का, तिला दोन जमत नाहीत.
ती म्हणजे मी.
मला तीनही जमतात.

सूप पितानाही तेच.
ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची
सोय मला नाही.
डावा कान मासळीच्या कारखान्यात राहिला,
डबे बंद करणाऱ्या यंत्राशेजारी,
बावीस वर्षांत थोडा थोडा.
आत येतं ते आतच राहतं,
त्यामुळे त्याचे सगळे आकडे मला पाठ आहेत.

एक मात्र मी बोलले नाही,
की स्टिरिओ ही दोन कानांची गोष्ट.
दात नसलेल्याने चण्यांचा भाव कशाला विचारावा?

शनिवारी तौत्विदासच्या दुकानात
पोराने तीन खोकी उघडली.
एक तर साबणाच्या डबीएवढा, चंदेरी,
यादीतलं सगळं त्यात होतं, वर स्वस्त.
वायदोतासने तो उलटा केला, सुलटा केला,
मग यादीत नसलेलं विचारलं,
"बॅलन्सचं बटण?"
पोरगं हसलं. "आता कोण ठेवतं, आजोबा?
दोन्ही बाजू अगदी सारख्या येतात."
"सारख्या नकोत," तो म्हणाला
आणि केबलींच्या भिंतीकडे बघत राहिला.
मी काचेबाहेर बघत राहिले.
बर्फ वितळून रस्ता काळा झाला होता.

मागच्या खोलीतून एक निघाला,
कुणीतरी बदल्यात दिलेला,
काळा, कडेला ओरखडा, पुढे चार बटणं.
त्यातलं एक मधोमध येताना किंचित अडायचं,
मग सरकायचं.
रुंदी पंचवीस.

चार वेळा मोजणारा माणूस
तीन सेंटीमीटर जास्तीचं घरी घेऊन आला
आणि कोट न काढताच करवत शोधू लागला.
गालिच्यात अजून भुसा सापडतो.

डावीकडे त्याची खुर्ची. उजवीकडे, खिडकीशी, मी.
बटणावरची पांढरी खूण
घड्याळातल्या दोनच्या जागी.
आम्ही त्याबद्दल बोललेलो नाही.
बास्केटबॉलच्या रात्री मी लवकर झोपते,
तेव्हा तो ती मध्ये आणत असणार,
प्रेक्षक दोन्हीकडून ओरडायला हवेत ना.
सकाळी धूळ पुसताना बघते,
खूण परत दोनवर.

परवा जिन्यात यादविगाने विचारलं,
हल्ली तुमच्या घरातून काही ऐकू येत नाही,
सगळं ठीक आहे ना?
ती डावीकडे उभी होती.
मी वळले, म्हटलं,
पुन्हा सांग.