४१७-ब

वूचमधल्या बंद सूतगिरणीत आता प्रयोगशाळा.
बोगुमिवा डिटेक्टरच्या नरसाळ्यात
द्रव नायट्रोजन ओतते;
वाफ फरशीवर सांडते, तिचे बूट बुडतात.

काच नको. काच स्वतःच फार बोलते.
म्हणून फ्लोराइटच्या चकतीवर
कुणाच्यातरी स्तनाचा पापुद्रा,
केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका.
नाव नाही, नुसता आकडा.

रंग चढवायचा नाही.
फक्त न दिसणारा उजेड पाडायचा
आणि विचारायचं: तुम्ही थरथरता कशा?
मेद हलतो त्याच्या चालीनं,
प्रथिनं त्यांच्या,
पडद्यावर डोंगररांग उमटत जाते.

फाटकावरचा सेवेरिन इथंच मागांचा फिटर होता.
म्हणतो, धागा तुटायच्या आधी
माग वेगळा वाजायचा.
कसा, ते मात्र त्याला सांगता येत नाही.

प्रथिनांच्या शिखरावर आज काटेच काटे.
ती दचकते.
मग आठवतं: मघाशी झाकण उघडताना
आपण उसासा टाकला होता.
ते काटे तिच्याच श्वासातल्या पाण्याचे.

पुन्हा झाकण, पुन्हा कोरडी हवा,
वीस मिनिटं.
या वेळी ती श्वास धरूनच नमुना सरळ करते,
पाण्याखाली गेल्यासारखी.

काटे गेले.
शिखराचा डावा खांदा
कालच्यासारखाच उतरलेला.

बाहेर ट्राम वळते, खिडकी हलते.
४१७-ब या शहरात कुठंतरी
फोन उलटा ठेवून
बटाटे सोलत असेल.
बोगुमिवा तिसऱ्यांदा मोजायला घेते.