अंदाजे किंमत

नागभीडच्या माझ्या दुकानात
कौतिकाबाई मडावी गोणपाटात गुंडाळून बंदूक आणते.
मागे ठाण्याचा शिपाई, हातात पावती.
नवरा गेला. परवाना सुकरूच्या नावाचा होता.
आता कागदावर दोन रकाने भरायचे आहेत:
बनावटीचं साल. अंदाजे किंमत.

एक नळी, बारा बोअर, मधून मोडणारी.
मी रॉकेलचा बोळा फिरवतो, जुना दातब्रश,
मग अक्षरांत खडूची भुकटी चोळतो.
हळूहळू वर येतं यू. एस. ए.
आणि त्याच्या आधी एका कंपनीचं नाव,
जी कंपनी बहुतेक नव्हतीच.
तिकडचे कारखाने म्हणे
हार्डवेअरवाला सांगेल ते नाव ठोकून देत.
कॅटलॉगात नांगराच्या फाळाशेजारी
सगळ्यात स्वस्त ओळीत हिचं चित्र असेल.

शिपाई म्हणतो, तारीख दिसते ना, टाका तीच.
दिसते. पेटंटची. एकोणीसशे,
पुढचे दोन आकडे गंजाने खाल्ले.
पण ती जन्मतारीख नव्हे, बाबा,
ती मास्तरने दाखल्यावर टाकलेली एक जुलै.
त्या दिवशी कुणी जन्मलेलं नसतं
आणि अर्धा तालुका त्याच हिशेबाने रिटायर होतो.

नळीवर पिळाच्या पोलादाची नक्षी.
नखाने घासली तर निघते.
छापील, गिलिटाच्या पाटल्यांसारखी.
घोडा दुसऱ्याच कुठल्या बंदुकीचा.
दस्ता अर्धा अक्रोडाचा, अर्धा बीजाचा,
सांध्यावर तांब्याची तार.

नागपूरचा एक शौकीन सांगून गेला होता:
दुरुस्ती दिसली की किंमत निम्मी.
म्हणजे इथे निम्म्याची निम्मी, तिची निम्मी.
मी भिंग तारेवर धरतो.
वेढे उलटे आहेत, उजवीकडून डावीकडे.
अशी तार आमच्या अब्बांनीच बांधली,
डावखुरे होते.
म्हणजे एक टोक सापडलं:
अब्बा गेले त्या उन्हाळ्याच्या आधीची.
दुसरं टोक समुद्रापलीकडे.

दस्त्याच्या पोटाखाली खाचा.
मोजतो. सतरा.
शिपाई हसतो. सतरा डुक्कर?

"नाई जी," कौतिकाबाई पहिल्यांदा बोलते,
"जनावराईच्या नाईत त्या.
इलेक्शन आलं का बंदूक ठान्यात जमा करा लागे.
परत आनली का एक खाच मारे."
"आन् डुक्कर?"
"काडतूस केवढ्याले येते, माईत हाये का?
थो रातभर टिनाचा डबाच वाजवे.
बंदूक मांडीवर राहे."

मी पुन्हा मोजतो, आता बोटाने.
पहिली खाच उथळ, भीत भीत मारलेली,
मग दोन अगदी जवळजवळ
(त्या वर्षी सरकार लवकर पडलं असेल),
मग लोकसभा, विधानसभा, झेडपी,
शेवटची तिरपी, हात थरथरत असावा.
बनावटीचं साल अजूनही ठाऊक नाही,
पण ती कितीदा घरी परत आली
ते मी शपथेवर सांगू शकतो.
तसा रकाना नाही.

साल: अज्ञात, अंदाजे शंभर वर्षं जुनी.
किंमत. पेन थांबतं.
फवारणीचा नवा पंप तीन हजारांचा.
मी लिहितो, रुपये अठराशे फक्त,
आणि अब्बांच्या तारेचे दोनशे
मनातल्या मनात वेगळे ठेवतो.

कौतिकाबाई अंगठा देते, शाई गोणपाटाला पुसते.
मग बंदुकीचा पट्टा सोडू लागते.
चामडं कडक, बकल गंजलेलं, निघत नाही.
शिपाई म्हणतो, बाई, पट्टा मुद्देमालात येतो.

"पट्टा त्या अमेरिकेचा नाई,
तळोधीच्या बाजारातला हाये.
गोऱ्ह्याले बांधाले लागते."

शिपाई माझ्याकडे बघतो.
मी बकलावर रॉकेलचे दोन थेंब सोडतो,
आणि शेऱ्यात लिहितो:
पट्टा नाही.